खाजगी नोकरीतील निवृत्तिवेतन सरकारी सेवेत नेता येते काय?

सरकारी नोकरीचे नियुक्तिपत्र हाती पडले की घरात आनंदाला उधाण येते. पेढे वाटले जातात, नातलगांचे दूरध्वनी येतात आणि 'आता म्हातारपणाची चिंता मिटली' हे वाक्य हमखास कानी पडते. ह्या आनंदाच्या भरात एक कागद मात्र बहुधा कपाटातच पडून राहतो. तो असतो मागील खाजगी नोकरीतील भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजेच पी.एफ.चा कागद.

वसईपासून डहाणूपर्यंतच्या आपल्या पट्ट्यातील अनेक तरुण-तरुणींची उमेदीची वर्षे खाजगी रुग्णालयांत, विनाअनुदानित शाळांत आणि लहानमोठ्या कारखान्यांत जातात. त्यांच्यापैकी काहींना पुढे रेल्वेत, सरकारी रुग्णालयात, महानगरपालिकेत किंवा अनुदानित शाळेत नोकरी मिळते. तेव्हा प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : मागे केलेल्या सेवेचे काय? तिकडे जमलेले निवृत्तिवेतन इकडे आणता येईल काय?

ह्या प्रश्नाला 'होय' हे उत्तर अर्धे खरे आहे आणि 'नाही' हेही अर्धेच खरे आहे. अर्धवट माहितीवर विसंबून घाईने भरलेला एखादा अर्ज पुढे आयुष्यभर नडू शकतो. म्हणून ह्या विषयाची नीट फोड करून पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

एका पासबुकातील दोन योजना

खाजगी कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा बारा टक्के रक्कम कापली जाते आणि तेवढीच रक्कम मालक भरतो, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र ही सारी रक्कम एकाच ठिकाणी जात नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कर्मचाऱ्याचे बारा टक्के संपूर्णपणे भविष्य निर्वाह निधीत जमा होतात. मालकाच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के रक्कम 'कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५' ह्या निराळ्या योजनेत जाते आणि उरलेले ३.६७ टक्के निधीत येतात. ही निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाली. वर्गणीसाठी वेतनाची कमाल मर्यादा ठरलेली असते. १ सप्टेंबर २०१४ रोजी ती ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपयांवर नेण्यात आली. त्या हिशेबाने निवृत्तिवेतनापोटी मालकाकडून महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये जमा होतात.

ह्या दोन योजनांचा स्वभाव मुळातच भिन्न आहे. भविष्य निर्वाह निधी म्हणजे आपल्या नावावरची शिल्लक. तीत दरवर्षी जाहीर झालेल्या दराने व्याज मिळते. २०२३-२४ आणि २०२४-२५ ह्या दोन्ही वर्षांसाठी हा दर ८.२५ टक्के होता. निवृत्तिवेतन योजनेत मात्र कोणाच्याही नावे वेगळी शिल्लक नसते. सर्वांची वर्गणी एका सामायिक निधीत जाते आणि सभासदाला मिळतो तो केवळ एक हक्क. हा हक्क एका सूत्राने मोजला जातो : निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवावर्षांनी गुणून सत्तरने भागावयाचे. किमान दहा वर्षे सेवा झाली असेल तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून हे निवृत्तिवेतन सुरू होते.

म्हणजे एक आहे पैसा आणि दुसरी आहेत वर्षे. पुढील सारा गोंधळ हा भेद न उमगल्यामुळे होतो.

पैसा नेता येतो

सरकारी बाजू आता कशी आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून रुजू झालेल्यांना (सैन्यदले वगळून) जुने निवृत्तिवेतन लागू नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली, म्हणजे एन.पी.एस., आली. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ही सीमारेषा ठरली. त्या दिवसापासून नेमणूक झालेल्यांना प्रथम परिभाषित अंशदान योजना (डी.सी.पी.एस.) लागू झाली आणि पुढे तीही एन.पी.एस.मध्ये सामावली गेली. ह्या प्रणालीत प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असते व त्याला 'प्रान' ह्या नावाचा कायम क्रमांक मिळतो. खाते आपल्या नावाचे असल्यामुळे त्यात बाहेरून रक्कम आणून ठेवणे निदान तत्त्वतः शक्य झाले.

२०१६ च्या वित्त अधिनियमाने ह्या स्थलांतरातील कराची अडचण दूर केली. त्यानंतर मार्च २०१७ मध्ये निवृत्तिवेतन निधी नियामक प्राधिकरणाने परिपत्रक काढून मान्यताप्राप्त भविष्य निर्वाह निधीतील रक्कम एन.पी.एस.च्या पहिल्या श्रेणीच्या खात्यात नेण्याची रीत ठरवून दिली. अशी आणलेली रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न मानली जात नाही, त्यामुळे तिच्यावर कर नाही. ती त्या वर्षाची वर्गणीही मानली जात नाही, त्यामुळे तिच्यावर नव्याने करसवलतही मागता येत नाही. सरकारी कर्मचाऱ्याने आपल्या सध्याच्या कार्यालयामार्फत भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाकडे अर्ज करावयाचा असतो. ते कार्यालय कर्मचाऱ्याच्या हाती पैसे देत नाही. कर्मचाऱ्याचे नाव व प्रान क्रमांक घालून रक्कम त्याच्या खात्याच्या नोडल कार्यालयाकडे पाठवली जाते आणि ही रक्कम निधीतून आलेली आहे असे पत्र सोबत दिले जाते.

इथवर सारे सुरळीत वाटते. मात्र ही मुभा फक्त भविष्य निर्वाह निधीतील शिलकेपुरती आहे.

वर्षे मागेच राहतात

१९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतील हक्क एन.पी.एस.मध्ये नेता येत नाही. तेथे आपल्या नावे शिल्लकच नसल्यामुळे उचलून नेण्यासारखे काही नसते. खाजगी नोकरीतील वर्षे सरकारी सेवेच्या वर्षांतही मिळवली जात नाहीत. सरकारी सेवेचा हिशेब सरकारी पदावर रुजू झाल्याच्या दिवसापासून सुरू होतो.

ह्याने नेमका काय फरक पडतो? एक कल्पित उदाहरण घेऊ. एका परिचारिकेने खाजगी रुग्णालयात अकरा वर्षे सेवा केली आणि वयाच्या ३८ व्या वर्षी ती रेल्वेच्या रुग्णालयात रुजू झाली. साठाव्या वर्षी निवृत्त होताना तिची सरकारी सेवा २२ वर्षे भरेल. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून सुरू केलेली एकत्रित निवृत्तिवेतन योजना, म्हणजे यू.पी.एस., तिने स्वीकारली आहे असे धरू. ह्या योजनेत २५ वर्षे सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी आहे. सेवा त्याहून कमी असेल तर हमीही त्या प्रमाणात उतरते. किमान दहा वर्षे सेवा झाल्यास दरमहा निदान १०,००० रुपये मिळतात.

आपल्या परिचारिकेचे अखेरचे सरासरी मूळ वेतन ५०,००० रुपये मानले, तर २५ वर्षांच्या सेवेला २५,००० रुपये मिळाले असते. बावीस वर्षांना मिळतील २२,००० रुपये. खाजगी नोकरीतील अकरापैकी केवळ तीन वर्षे जमेस धरली असती, तरी तिला पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले असते. तीन हजारांची ही तूट महागाई भत्ता बाजूला ठेवून काढलेली आहे. महागाईसोबत तीही वाढत जाईल.

आता तिच्या मागील नोकरीकडे वळू. तेथे तिचे निवृत्तिवेतनपात्र वेतन १५,००० रुपये असेल, तर अकरा वर्षांच्या सेवेचे सूत्राप्रमाणे महिना २,३५७ रुपये होतात. दहा वर्षे पूर्ण झालेली असल्यामुळे हा हक्क तिने सरकारी नोकरी धरली म्हणून नाहीसा होत नाही. वयाच्या ५८ व्या वर्षी तो तिला मागता येतो. म्हणजे तीन हजारांच्या तुटीपैकी बराचसा भाग ती स्वतःच्या मागील कष्टांतूनच भरून काढू शकते. ह्या जुन्या निवृत्तिवेतनाला महागाईची जोड नाही, ही त्यातील मोठी उणीव. तरीही हा हक्क सोडून द्यावा इतका क्षुल्लक नक्कीच नाही.

घाईने घेतलेली रक्कम

खरी हानी होते ती दहा वर्षे पूर्ण न झालेल्यांची. सेवा दहा वर्षांहून कमी असेल तर निवृत्तिवेतन योजनेतील एकरकमी लाभ काढून घेण्याची सोय आहे. नोकरी सोडताना पी.एफ.च्या अर्जासोबत हाही अर्ज भरला जातो. तो बहुधा कोणीतरी सांगितले म्हणून आणि त्याचा अर्थ न कळता भरलेला असतो. रक्कम हाती येते, घराची डागडुजी किंवा एखादे लग्न त्यातून पार पडते आणि त्याबरोबर ती वर्षे कायमची पुसली जातात.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, निवृत्तिवेतनासाठी सेवा मोजताना सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जातो. त्यामुळे साडेनऊ वर्षे झालेली व्यक्ती दहा वर्षांच्या पात्रतेत बसते. नऊ वर्षे चार महिन्यांवर राजीनामा देण्यापूर्वी, नव्या नोकरीवर रुजू होण्याची मुदत दोन महिन्यांनी वाढवून मिळते काय, हे विचारून पाहण्यात शहाणपण आहे. दुसरी गोष्ट 'स्कीम सर्टिफिकेट'ची. रक्कम न काढता हे प्रमाणपत्र घेतले, तर झालेली सेवा नोंदवून राखली जाते. पुढे कधी पुन्हा पी.एफ. लागू असलेल्या आस्थापनेत काम केले, तर ती वर्षे नव्या वर्षांत मिळवता येतात. सरकारी नोकरीत परिवीक्षेचा काळ असतो आणि सर्वांनाच ती मानवते असेही नाही. परतीची वाट मोकळी ठेवण्याचे काम हे प्रमाणपत्र करते.

पूल बांधले गेले होते

वर्षे एका सेवेतून दुसऱ्या सेवेत नेणे मुळातच अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. असे पूल ह्या देशात बांधले गेले आहेत. केंद्र सरकारची खाती आणि केंद्राच्या स्वायत्त संस्था यांच्यात ये-जा करणाऱ्यांसाठी २९ ऑगस्ट १९८४ च्या कार्यालयीन ज्ञापनाने तशी व्यवस्था केली. अंशदायी भविष्य निर्वाह निधीतून निवृत्तिवेतनाच्या सेवेत येणाऱ्याला दोन पर्याय देण्यात आले. एक तर निधीचे लाभ घ्यावेत आणि नव्या सेवेची सुरुवात शून्यापासून करावी. नाही तर मालकाच्या वाट्याची रक्कम व्याजासह सोडून द्यावी आणि मागील सेवा निवृत्तिवेतनासाठी जमेस धरून घ्यावी.

राष्ट्रीयीकृत बँकांत काम केलेल्या आपल्या ज्येष्ठांना हा व्यवहार चांगला आठवत असेल. १९९५ च्या विनियमांनी बँक कर्मचाऱ्यांना भविष्य निर्वाह निधीऐवजी निवृत्तिवेतन घेण्याची संधी दिली. हाती येणारी ठोक रक्कम सोडवेना म्हणून अनेकांनी ती नाकारली. पुढे व्याजदर उतरले, आयुर्मान वाढले आणि नकार देणाऱ्यांना पश्चात्ताप झाला. अखेर २०१० च्या करारान्वये दुसरी संधी मिळाली, तीही फुकट नव्हे. सेवेत असलेल्यांना बँकेच्या वाट्याची पी.एफ. रक्कम सोडावी लागली आणि नोव्हेंबर २००७ च्या सुधारित वेतनाच्या २.८ पट रक्कम भरावी लागली. निवृत्त झालेल्यांना बँकेचा वाटा परत करून त्यावर आणखी ५६ टक्के द्यावे लागले. एवढे भरूनही ज्यांनी पर्याय स्वीकारला, त्यांच्या घरी आज महिन्याच्या महिन्याला निवृत्तिवेतन येते आणि त्यांच्या पश्चात जोडीदारालाही आधार राहतो.

ह्या दोन्ही उदाहरणांतून एक तत्त्व दिसते. वर्षे हवी असतील तर त्यांचे मोल भरावे लागते, आणि ते मोल ठरवून दिले तर कर्मचारी ते आनंदाने भरतात. खाजगी क्षेत्रातून सरकारी सेवेत येणाऱ्यांना मात्र असे मोल भरण्याची संधीच दिली गेलेली नाही. पैसा आणण्यास दार उघडे ठेवले आणि वर्षांसाठी ते बंद ठेवले, ही आजची व्यवस्था आहे.

शिक्षकांची जुनी वेदना

ह्याच प्रश्नाचे एक रूप आपल्या शाळांनी जवळून पाहिले आहे. अनेक शिक्षक १ नोव्हेंबर २००५ पूर्वी विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित शाळांत नेमले गेले आणि त्यांच्या शाळांना पूर्ण अनुदान मिळाले ते त्या तारखेनंतर. आपली नेमणूक आधीची आहे, म्हणून जुने निवृत्तिवेतन द्यावे, अशी त्यांची मागणी आहे. शाळा त्या तारखेस पूर्ण अनुदानित नव्हती, म्हणून ते देता येत नाही, अशी शासनाची भूमिका राहिली. हा वाद विधिमंडळात आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे गाजला. मार्च २०२३ मध्ये राज्यातील सरकारी कर्मचारी व शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले, त्यामागील अस्वस्थताही ह्याच जातीची होती. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने यू.पी.एस. मंजूर केली आणि पाठोपाठ महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही तिला मान्यता दिली, तीही ह्या अस्वस्थतेची दखल म्हणूनच. हमी परत आली, परंतु मागे राहिलेल्या वर्षांचा प्रश्न तिनेही सोडवलेला नाही.

न्यावे की ठेवावे?

निधीतील शिल्लक एन.पी.एस.मध्ये नेता येते म्हणून ती नेलीच पाहिजे असे नाही. दोन्ही बाजू तोलून पाहाव्यात. एन.पी.एस.मधील रक्कम रोखे व समभागांत गुंतवली जाते. दीर्घ काळात तिची वाढ अधिक होऊ शकते, मात्र दराची हमी नसते. सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेच्या निदान ४० टक्क्यांतून वर्षासन, म्हणजे ॲन्युइटी, विकत घ्यावी लागते. मधल्या काळात पैसे काढण्यावरही कडक मर्यादा आहेत. भविष्य निर्वाह निधीत राहिलेली रक्कम मात्र पुढे संपूर्णपणे हाती येते. तिच्यावर व्याजही मिळत राहते, परंतु नोकरी सोडल्यानंतरच्या काळातील व्याज करपात्र ठरते, हे विसरू नये.

ज्यांनी यू.पी.एस. निवडली आहे त्यांनी तर अधिकच विचार करावा. तेथील हमी मूळ वेतन आणि सरकारी सेवेची वर्षे ह्यांवर ठरते. बाहेरून आणलेली रक्कम त्या हमीत भर घालीत नाही. आमच्या मते, पैसे हाती राहिले तर खर्च होतील अशी ज्यांना स्वतःविषयी धास्ती आहे आणि ज्यांनी एन.पी.एस.च निवडली आहे, त्यांच्यासाठी हे स्थलांतर हितावह ठरू शकते. इतरांनी घाई करू नये.

रुजू होण्यापूर्वीची कामे

आमच्या वाचकांना आम्ही एवढेच सुचवू. जुनी नोकरी सोडण्यापूर्वी पासबुक उघडून निधीची शिल्लक आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी वेगवेगळी पाहावी. रुजू होण्याची व सोडण्याची तारीख, नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख नोंदीत बरोबर आहे काय, ते तपासावे. पूर्वी दोन-तीन ठिकाणी काम केले असेल तर ती सारी खाती आधी एका क्रमांकाखाली आणावीत, कारण दहा वर्षांची मोजणी अशी जोडूनच पूर्ण होते. ग्रॅच्युइटी मिळण्यास पात्र असाल तर तिचा वेगळा अर्ज करावा. निवृत्तिवेतनाचा एकरकमी लाभ मागणारा अर्ज मात्र विचार केल्याशिवाय भरू नये. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्याखाली योजनांची फेरमांडणी होत आहे. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी लागू असलेला नियम कार्यालयातून लेखी विचारून घेणे श्रेयस्कर.

जबाबदारी केवळ कर्मचाऱ्याची नाही. आपल्या भागात धर्मप्रांताशी संबंधित शाळा, दवाखाने आणि संस्था मालक म्हणूनही उभ्या आहेत. सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नोंदी वेळेवर पूर्ण करणे, सोडल्याची तारीख भरणे आणि त्याला त्याचे हक्क दोन शब्दांत समजावून सांगणे, हे त्यांचे कर्तव्य आहे. निरोप समारंभात शाल-श्रीफळ देण्याइतकेच ते अगत्याचे मानले जावे.

सरकारकडे आमची अपेक्षाही मोठी नाही. बँक कर्मचाऱ्यांसाठी जे २०१० मध्ये शक्य झाले, ते खाजगी क्षेत्रातून येणाऱ्यांसाठी अशक्य का असावे? मालकाच्या वाट्याची रक्कम आणि विमागणिताने ठरेल तेवढी भर घेऊन काही वर्षे जमेस धरण्याचा पर्याय यू.पी.एस.मध्ये खुला करता येईल. ज्याला परवडेल तो मोल भरील, तिजोरीवर फुकटचा भार पडणार नाही.

रात्रपाळी करणारी परिचारिका खाजगी रुग्णालयात असो वा सरकारी, तिच्या श्रमांची जात एकच असते. रुग्णाची सेवा तिने अकरा वर्षे एका छपराखाली केली आणि बावीस वर्षे दुसऱ्या छपराखाली. तिचे आयुष्य मात्र सलग ३३ वर्षे कामातच गेले. कायद्याने ह्या वर्षांची बेरीज करेपर्यंत ती जपून ठेवण्याचे काम तिला आणि आपल्यालाच करावयाचे आहे.